कैलासवाशांचा चहा

नवी मुंबईत, पावण्याच्या एमआयडीसीत चहा पिशवीतून जातो. पाटणकडून पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला हे सांगितलं की तो म्हणतो, "चहा काय दूध हाय व्हय, पिशवीत घ्यायला?" मग तो डोळ्यांनी बघतो आणि तोंडात बोट घालतो. उकळता चहा पातळ पांढऱ्या पिशवीत ओतायचा, तोंडाला दोरा गुंडाळायचा आणि तो गरम फुगा बोटाला लटकवून गडी चालला कारखान्यात. तिथं पिशवीचा कोपरा दातानं फोडायचा आणि बोटभर उंचीच्या प्लास्टिकच्या कपांत वाटायचा. बंदी आहे म्हणता? आहे की! पालिकेची गाडी आली की पिशव्या फळीखाली आणि गाडी गेली की पुन्हा खिळ्याला.

उज्वलानं वर्षानुवर्षं हेच केलं. ती आणि तिचा नवरा कृष्णात, राहायला कोपरखैरण्याला आणि टपरी पावण्याच्या एका गल्लीत. दोन्ही अंगांना लेथ, पॅकिंग, पावडर कोटिंग असले छोटे-मोठे वर्कशॉप. चहा उकळायचा उज्वलानं, ओतायचा आणि गिऱ्हाइकांशी गप्पा हाणायच्या कृष्णातनं. टपरीला लोक कृष्णातची टपरी म्हणत आणि चहाला वहिनींचा चहा. यात कोणाचे कष्ट किती, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

तर झालं असं, की त्यांची लेक उत्कर्षा गणपतीला माहेरी आली. रबाळ्याच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे ती. दिवस गेले होते, पहिलीच वेळ, त्यामुळे घरात तिला फुलासारखं जपणं चाललेलं.

"आई, डॉक्टर एक म्हणाल्या," उत्कर्षा मोदकाचं नाक मोडत म्हणाली, "गरम काहीही प्लास्टिकमधून घ्यायचं नाही. चहा तर नाहीच नाही."

"का गं? तोंड पोळतं?"

"प्लास्टिक मऊ राहावं, नीट वळावं म्हणून त्यात कसली कसली केमिकल्स घालतात. गरम, तेलकट असलं काही पडलं की ती थोडी थोडी त्यात उतरतात. आपल्या अंगातल्या हार्मोन्समध्ये लुडबुड करतात म्हणे. एका दिवसानं कोणी मरत नाही, पण रोजच्या रोज कशाला? आणि पोटातल्या बाळाला तर मुळीच नको."

"मग नको घिऊस माझे बाय!" उज्वला एकदम तापली. "कोण मेला पाजतो तुला पिशवीतला चहा? नाव सांग त्याचं, मी येते बघ त्याच्याकडं!"

उत्कर्षा नुसती आईकडे बघत राहिली. आणि उज्वलाच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. जीभ चावून ती चुलीपाशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी टपरीवर काशी आली. पॅकिंगमध्ये काम करायची. सातवा लागलेला, चालताना एक हात कमरेवर. "वहिनी, आमच्या सगळ्या पोरींचा चहा द्या," म्हणून तिनं नेहमीसारखा हात पुढे केला. उज्वलानं पिशवी खिळ्यावरून ओढली, पातेलं तिरपं केलं आणि तिचा हात तिथंच थांबला. माझ्या लेकीला जे नको, ते हिच्या लेकराला चालतं व्हय? इतकी वर्षं ह्याच हातानं पाजलं की आपण! तिनं पिशवी चुरगळून टाकली, पाण्याचा स्टीलचा तांब्या रिकामा केला, त्यात चहा भरला आणि काशीच्या हातात दिला.

"तांब्यात?" काशी हसायला लागली.

"तांब्यातच. आनि उद्यापास्नं बी तांब्यातच."

आता ही गोष्ट बोलायला सोपी. उज्वलानं आधी कोणालाही सुचेल तेच केलं, कागदी कप आणले. उत्कर्षाला कौतुकानं फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, त्याच्याही आत प्लास्टिकचा पापुद्रा असतो, नाहीतर कागद चहात टिकेल का?" उज्वलाला खरं वाटेना. तिनं एक कप पाण्यात भिजत घातला आणि सकाळी नखानं खरवडला, तर दुधावरची साय निघावी तसा पातळ पापुद्रा अख्खा हातात आला. आगीतून फुफाट्यात! कागदी कप गेले. मग तिनं किटली काढली आणि बाजारातून स्टीलचे पेले आणले.

गल्लीला ते काही रुचलं नाही. "वहिनी, पेले परत कोण आणणार?" "वहिनी, धुणार कोण?" सगळे पेले एकसारखे, कोणाचा कोणता कळेना. कोणी खिळे ठेवायला घेतला, कोणी ग्रीस ठेवायला, बाकीचे नुसतेच गायब झाले. समोरच्या बाजूला नंदकिशोरची टपरी होतीच. त्याच्या खिळ्याला पिशव्यांचा भला मोठा गठ्ठा लटकत होता. गिऱ्हाईक एकेक करून रस्ता ओलांडायला लागलं. सगळ्यात मोठी ऑर्डर पावडर कोटिंगवाल्यांची, तिथला सुपरवायझर रणजीत, तो तर दुसऱ्याच दिवशी पलीकडे गेला. "टेन्शन नको वहिनी, किटली वगैरे आपल्याला जमणार नाही," म्हणाला.

कृष्णातचा पारा चढला. "डोक्यावर पडलीस काय गं? धंदा हाय का समाजसेवा? समोरचा खदाखदा हसतोय!"

"हसू दे. मी पिशवीत चहा देनार न्हाई."

"मग खायचं काय? किटली?"

बरंच वाजलं दोघांचं. शेवटी कृष्णात म्हणाला, "दसऱ्यापतुर. दसऱ्याला समद्या वर्कशॉपात मशिनींची पूजा असती, वर्षाचा मोठा चहा त्या दिवशी जातो. तवर गल्ली परत आली तर तुझं खरं. न्हाई आली तर पिशव्या मी आनतो आनि तू गुमान भरतीस."

"भरीन," उज्वला म्हणाली. म्हणाली खरी, पण काशीच्या हातात पुन्हा पिशवी द्यायची या विचारानंच तिच्या अंगावर काटा आला.

मग तिला एक सुचलं. गावाकडे लग्नकार्याला भांडी इकडून तिकडून जमवतात आणि तरी प्रत्येकाची भांडी बरोबर ज्याच्या त्याच्या घरी परत जातात. का? तर नाव घातलेलं असतं. आपणही नावं घालायची! प्रत्येक गिऱ्हाइकाचा त्याच्या नावाचा पेला. पितृपक्ष लागलेला, त्यामुळे नवी खरेदी कोणी करीत नाही. भांडीवाला माश्या मारीत बसला होता, त्यानं पेले आनंदानं दिले. नावं घालायचं काम कृष्णातकडे आलं. तो कुरकुरत पेल्यांचं पोतं घेऊन निघाला आणि जाताना अक्षर किती मोठं हवं ते दाखवायला घरातला एक नाव घातलेला पेला खिशात टाकून घेऊन गेला.

नाव घालणारा आशुतोष तुर्भ्याला बसतो. मशीनच्या आवाजाला कंटाळून कानात कायम गाणी. कृष्णातनं पेला पुढे केला. "हे बघ, हे असं घाल. फक्त ह्या नावाच्या जागी ही नावं." आणि गल्लीतली नावं घडाघडा सांगितली. आशुतोषनं ती लिहून घेतली, एकदा कृष्णातच्या तोंडाकडे बघितलं, मान हलवली आणि कामाला लागला.

पेले आले ते गोणपाटात गुंडाळून, ऐन चहाच्या गडबडीत. उज्वलाचा चष्मा वाफेनं धुरकटलेला, कृष्णातला वाचायचा कंटाळा. सगळ्या गल्लीला निरोप गेला होता, नावाचे पेले आलेत, आज चहा आमच्याकडून. फुकट म्हटल्यावर कोण सोडतंय? रणजीतसुद्धा आला. गळ्यात जाड साखळी, दंडावर वाघ, आणि बाइकला लिंबू-मिरची. असा हा शूर गडी. त्यानं पहिला पेला उचलला आणि मोठ्यानं वाचला.

"कै. रणजीत... यांच्या स्मरणार्थ."

पुढे आलेले बाकीचे हात पेल्यांवरच थांबले.

आता घोटाळा काय झाला तो सांगायलाच हवा. कृष्णातनं नेलेला पेला होता त्याच्या गोजराआत्याच्या वर्षश्राद्धाला वाटलेला. वर्षश्राद्धाला भांडी वाटतात, त्यावर गेलेल्या माणसाचं नाव घालतात, हे सगळ्यांना ठाऊक. आशुतोषला 'असंच घाल' म्हटलं, त्यानं तसंच घातलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

"वहिनी, मी जिवंत आहे!" रणजीत ओरडला.

"मग न्हाई कोन म्हनतंय?"

"तुमचा पेला म्हणतोय!"

जो तो आपापला पेला फिरवून बघायला लागला. "च्यायला, मी पण गेलोय!" "अरे, अख्खी शिफ्ट गेली रे!" समोरून नंदकिशोरनं हात तोंडापाशी धरून आरोळी दिली, "वहिनी, तेरावं कधी धरलंय? बुंदी करा हां, बुंदी!"

उज्वला कृष्णातकडे वळली, तर तो चुलीच्या मागं खाली बसून काहीतरी शोधत होता. शोधण्यासारखं तिथं काहीही नव्हतं. आणि मग तिची नजर काशीवर गेली. पोटुशी बाई, आणि हातात तो पेला. उज्वला धावलीच. "दे तो हिकडं! आधी दे!" डोळ्यांत पाणी तरारलं तिच्या. भलं करायला गेले आणि हे अभद्र माझ्याच हातनं व्हावं?

काशीनं पेला सोडला नाही. ती बाबासोंकडे बघत होती.

बाबासो म्हणजे लेथवरचे जुने टर्नर, गल्लीतले सगळ्यांत थोरले, कासेगावकडचे. ते आपला पेला हात लांब करून, डोळे बारीक करून वाचत होते. "नाव बरोबर घातलंय," ते म्हणाले. "कै. जरा लवकर झालं."

कोणीतरी फिसकन हसलं.

"हसताय काय? माझा बा एकदा बाजाराला गेला, नदीला आलेला पूर. कोनीतरी आवई उठवली, गडी व्हावून गेला. घरात ही रडारड! सांजच्याला म्हातारा गुळाची ढेप डोक्यावर घिऊन दारात हुबा. तवा माझी आजी म्हनली, रडू नका, वाटा साखर! जित्या मानसाच्या मरनाची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं. हे ठावं न्हाई व्हय तुमास्नी? म्हातारा नव्वदी गाठून गेला. शेवटी आमीच कटाळलो." एवढं बोलून बाबासोंनी पेला तोंडाला लावला, चहा घटाघटा संपवला आणि पुढे केला. "वत अजून. आयुष्य वाढायला लागलंय."

गल्लीत हशा उसळला. तरी रणजीत पेल्याला हात लावीना. "ते सगळं ठीक आहे आबा, पण हे अशुभ ते अशुभच. पितृपक्षात तर नकोच."

तेव्हा मात्र उज्वलाचं टाळकं सटकलं. इतके दिवस दाबलेलं सगळं वर आलं.

"रणजीत, पेल्यावर खोटं लिवलंय ते वाचून तुजी पाचावर धारन बसली. आनि पिशवीतनं रोज पोटात काय उतरतं ते कुटं लिवलेलं नसतं, म्हनून ते ग्वाड लागतं व्हय तुला?" ती सगळ्या गल्लीकडे वळली. "चूक आमची हाय, माफी मागते समद्यांची. ज्याला नको त्यानं पेला ठिवून जावा, मी नाव घासून कोरा करून आनीन. पन ह्या हातानं आता पिशवी कुनाला देनार न्हाई. लेकीला जे इख, तेच गिऱ्हाइकाला चहा म्हनून द्यायचं, असलं माज्यानं हुनार न्हाई. टपरी बंद पडली तरी बेहत्तर!"

तेवढ्यात काशी पुढे आली आणि तिनं पेला उज्वलासमोर धरला.

"वता वहिनी. वाढू दे की आयुष्य. आमचं दोघांचं."

उज्वलानं ओतला. काशीनं तिथंच फळीवर बसून सावकाश फुंकर घालत चहा प्यायला आणि मग मागची सगळी रांग पुढे सरकली. रणजीत तेवढा पेला फळीवर ठेवून रस्ता ओलांडून गेला.

संध्याकाळी कृष्णात तणतणत तुर्भ्याला पोचला. आशुतोषनं कानातली गाणी काढली. "काका, तुम्हीच म्हणालात ना, असंच घाल! मला वाटलं, तुमच्याकडे कारखान्यात काहीतरी मोठा स्फोट झालाय. एवढी सगळी माणसं एकदम! मी तर जेवलो पण नाही त्या दिवशी. म्हणून पैसे पण कमी लावले." कृष्णात गेला तसा परत आला.

पण इथून पुढे जे झालं ते उज्वलाच्या डोक्यातही नव्हतं. पेले हरवायचे थांबले! दुसऱ्याच्या नावानं 'स्मरणार्थ' लिहिलेला पेला कोण तोंडाला लावणार? आणि आपला पेला दुसऱ्याच्या हाती कोण देणार? जो तो आपला पेला शोधून घ्यायचा, स्वतः विसळायचा, स्वतः खिळ्याला टांगायचा. ग्रीस भरायची तर कोणाची टापच नव्हती. शिवाय फोटो निघाले, स्टेटसला लागले. 'मी, कैलासवासी, चहा पिताना.' शेजारच्या गल्लीतली माणसं बघायला आली आणि चहा पिऊन गेली. घट बसेपर्यंत तर पलीकडच्या केमिकल गोडाऊनचे हमाल येऊन विचारायला लागले, "वहिनी, आमाला कवा मारताय?"

रणजीतच्या हाताखालची सगळी पोरं अलीकडे आली. नंदकिशोरच्या फळीवर पिशवी फोडून एकटा चहा पिणारा रणजीत तेवढा राहिला. कृष्णात अजून काही कबूल करीत नव्हता. "दसरा हू दे," एवढंच म्हणायचा, पण किटल्या आता तोच घासायचा, तेही गाणं गुणगुणत.

खंडेनवमीला सकाळी सकाळी, शटरं नुकती वर जात होती, तोवर रणजीत आला. मान खाली. साखळीशी चाळा करत उभा राहिला.

"काय रं?" उज्वलानं विचारलं.

"वहिनी, माझा पेला आहे का?"

"का? आता काय झालं?"

"आईला फोनवर सांगितलं सगळं. आधी रडली. मग असल्या शिव्या घातल्या, असल्या घातल्या! म्हणाली, देवानं वाढवून दिलेलं आयुष्य फळीवर ठेवून आलास? कोणी दुसराच पिऊन जाईल. आधी पेला घे, मगच मला फोन कर."

उज्वलानं डब्यातून पेला काढला आणि त्याच्या हातात दिला. रणजीतनं तो फिरवला. पुन्हा फिरवला. लख्ख कोरा होता.

"वहिनी! कै. कुठाय माझं?"

"घासून काडलं की. तूच म्हनलास, अशुभ."

"काय केलंत हे!" हा वाघ गोंदलेला गडी रडकुंडीला आला. "परत घाला! आत्ताच्या आत्ता घाला!"

उज्वलाला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती हसली, कृष्णात तर खाली बसून हसला. "जा तुर्भ्याला," ती म्हणाली, "आनि आपल्या तोंडानं सांग आशुतोषला, मला कै. घाल म्हनून."

आणि तो गेला! दुपारी पेला नाचवत परत आला आणि पूजेच्या चहाची सगळी ऑर्डर सांगूनच बसला. किटलीतून.

दसऱ्याला गल्ली झेंडूनं पिवळीधमक झाली होती. लेथना हार, कंप्रेसरला कुंकू, नारळ फुटताहेत, पेढे वाटताहेत. आणि प्रत्येक दारात किटली. उज्वला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आली. एकाही माणसाच्या हातात पिशवी नव्हती. लेथवर नाही, पावडर कोटिंगला नाही, पॅकिंगच्या पोरींकडे तर नाहीच. ऊर भरून आला तिचा. "मी केलं हे!" ती मोठ्यानं म्हणाली, कोणी ऐकलं तर ऐकू दे म्हणून. परत आली तर कृष्णात टपरीसमोर आपट्याची पानं घेऊन उभा.

"घे सोनं," तो म्हणाला. "हरलो बाबा. चारचौघांत हरलो."

"मोठ्यानं म्हना."

"हरलो!" कृष्णात बोंबलला आणि सगळ्या गल्लीनं टाळ्या पिटल्या.

त्या टाळ्यांतच नंदकिशोर रस्ता ओलांडून आला. सकाळपासून त्याच्या फळीवर कुत्रं फिरकलं नव्हतं. त्यानं दोघांना सोनं दिलं, उगाच झेंडूची तारीफ केली, पावसाबद्दल काहीतरी बोलला. मग म्हणाला, "वहिनी, मला पण पेले करून घ्यायचेत. आपल्याला काय, गिऱ्हाइकाला आवडतं ते द्यायचं."

कृष्णातच्या तोंडावर बुंदीचं उत्तर आलंच होतं. उज्वलानं त्याला डोळ्यानं दटावलं.

"पत्ता देते की भाऊ. माझी एक किटली बी नेवा, तुमची येईपतुर. पन आधी ते." आणि तिनं बोट केलं ते थेट पलीकडच्या खिळ्याकडे.

नंदकिशोर क्षणभर घुटमळला. मग गेला आणि खिळ्यावरचा पिशव्यांचा गठ्ठा उतरवून घेऊन आला. सगळी गल्ली बघत होती. त्यानं तो गठ्ठा उज्वलाच्या पायाशी ठेवला आणि उज्वलानं त्याच्या हातात वाफाळता पेला दिला. त्यानं एक घोट घेतला, दुसरा घेतला, पेला रिकामा केला आणि मग जवळ येऊन हळूच म्हणाला,

"वहिनी, माझं नाव बारीक आलं तरी चालेल. कै. तेवढं ठळक घालायला सांगा."